किल्ला तयार, पन पोरं जेवायला बसली

माझा धाकटा भाऊ हर्षल खेळ चालवतो. खेळ म्हनल्यावर खर्ड्यातली मानसं इचारत्यात, कबड्डी का क्रिकेट? मी त्यांना खाली बसवून सांगतो. मी नववीपतोर शिकलेला, टेम्पो चालवतो, पन ह्या खेळाचं सांगायला जामखेड तालुक्यात माझ्यासारखा दुसरा घावनार न्हाई.

चार-पाच जनं आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढं बसत्यात. एक जन गोष्ट मांडतो. तुमच्यापुढं जंगल हाय, वाटंवर एक मानूस उभा हाय, आता काय करता? बाकीचे सोंग घेऊन बोलत्यात. कोन शिपाई, कोन वैद्य, कोन चोर. जमलं का फसलं ते फाशावर ठरतं. गोष्ट मांडनाऱ्याला ते गेम मास्टर म्हनत्यात. मी मुकादम म्हनतो. टोळी गोळा करायची, कामाला लावायची, रुसवेफुगवे काढायचे, आन काय बिघडलं तर बोलनी त्यानंच खायची. आमच्या भागात अशा मानसाला दुसरं नाव न्हाई.

हर्षल पुन्याला होस्टेलात राहून इंजिनिअर झाला. आमच्या भावकीत पहिला. तिथंच त्याला ह्या खेळाची गोडी लागली. मंग वडील गेले, आईचे गुडघे गेले, आन तो परत आला. आता गावातलं दूध संकलन केंद्र बघतो. सकाळ-संध्याकाळ एकच बोलनं, फॅट किती लागली, डिग्री किती. बाकी हप्ताभर त्याच्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागती. फक्त रविवारी दुपारी कॉलेजातले चार दोस्त कॉम्प्युटरवर आले की ह्यो मोकळा हुतो. बारक्या पोरावानी हसतो. ते हसू मी पलंगावर पडून ऐकतो.

पन त्या एका दुपारपायी हप्ताभर काय राबतो ते बघायला पायजे. नकाशे काढतो. नकाशावर काळं झाकन टाकतो, पोरं पुढं जातील तसं उघडायचं. पहारेकरी, वानी, सावकार, परत्येकाचं नाव, परत्येकाचा आवाज. केंद्रावर दूध मापता मापता तोंडातल्या तोंडात दरोडेखोर बोलत असतो. एकदा दूध घालायला येनारे पुंजाराम तात्या मला म्हनले, "सहादेवा, तुझ्या भावाला झपाटलंय का काय? मी कॅन ठिवला तर मला म्हनतो, कोन हाय तिकडं, हत्यार टाक."

मी म्हनलो, "तात्या, तयारी चालूय त्याची. मोठ्या मानसाचं काम आसंच आसतं."

पन खरी गोष्ट आशी, का पोरगं दमलं हुतं. डोळे आत गेलेले. आन एवढं करून पोरं त्याच्या नकाशावर जायचीच न्हाईत. ह्यानं जंगल तयार केलं तर ती बाजारात गेली. नदी तयार केली तर नावाड्याशी भांडून माघारी फिरली. मी इचारलं, "मंग कमी कर की तयारी. ऐनवेळी सुचंल ते बोल."

"न्हाई जमत दादा," तो म्हनला. "पुन्यात एकदा तयारी न करता बसलो हुतो. मधीच डोकं कोरं झालं. पाच मिंटं सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. पुन्हा तसं न्हाई व्हायला पायजे."

गेल्या महिन्यात त्यानं खेळाला किल्ला घेतला. आपलाच खर्ड्याचा. मीच टेम्पोत घालून नेला त्याला, बुरूज, दरवाजे, सगळं हिंडून दाखवलं. तीन आठवडे त्या किल्ल्यात गेले. मोबाईलवर फोटू, कॉम्प्युटरवर नकाशा, तळघर, चोरवाट, आत कैदेत पडलेला राजा. आसं काम पुन्या-मुंबईत कुनी करून दाखवावं. पन खेळाच्या आदल्या दिवशी जेवताना तो म्हनला, "दादा, उद्या जर का हे बी वाया गेलं तर मी बंद करनार. ग्रुपवर टाकायला निरोप लिहून ठिवलाय. आता दम न्हाई राहिला."

आई म्हनली, "बरं हुईल. जरा आंग टाकशील."  मला ते रविवारचं हसू दिसत हुतं. ते गेलं तर ह्या पोराला फॅट आन डिग्रीशिवाय काय राहिलं?

रविवारी दोन वाजता चारी पोरं कॉम्प्युटरवर आली. पुन्याचा समर्थ, बेलापूरची मोनिका, आन आनखी दोघं. किल्ल्याच्या वाटंवर ह्यानं एक झोपडी ठिवली हुती. त्यात म्हातारी. तिचं काम एवढंच, का वाट दाखवायची आन गप बसायचं.

समर्थ त्याच्या शिपायाच्या आवाजात म्हनला, "आजी, किल्ल्याची वाट कुठली?"

हर्षल म्हातारीचा आवाज काढून बोलाय लागला. आवाज आमच्या आईचाच. "वाट दावते बाबा. पन भर दुपारचे आलाव, आधी हातपाय धुवा. भाकरी टाकते."

मी पलंगावर उठून बसलो. हे लिहिलेलं नव्हतं. पन आमच्याकडं दुपारच्या वक्ताला दारात आलेल्याला जेव न म्हनता वाट दाखवायची कशी? पोराच्या तोंडून ते आपसूक गेलं. त्याला वाटलं, ती नको म्हनतील आन जातील.

मोनिका म्हनली, "बसलो आम्ही. काय केलंय आजी?"

हर्षल अडकला. ताटात काय वाढायचं ते तयार नव्हतं. त्याचा चेहरा पांढरा पडला, पुन्यातल्यावानीच. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी हळूच म्हनलो, "शेंगोळी. हुलग्याची."

"हुलग्याची शेंगोळी हायत," म्हातारी म्हनली, "वर लसनाची फोडनी."

सैपाकघरातून आमच्या आईनं आवाज दिला, "कोन आलंय रं जेवायला?"

तिकडं चौघं बी हसून लोळली. समर्थ म्हनला, "आज्या दोन आहेत का घरात?"

"एक माझी जाऊ हाय," हर्षल लगीच म्हातारीच्या आवाजात म्हनला. "तिला कमी ऐकू येतं."

तिथनं जे सुटलं ते सुटलं. मोनिकानं इचारलं, घरात अजून कोन? म्हातारी म्हनली, ल्योक-सून ऊसतोडीला गेल्यात, कोयता घेऊन, दिवाळीपासून खबर न्हाई. कुठल्या कारखान्याला? कुनी नेलं? मुकादम कोन? पोरं इचारत गेली, हर्षल बोलत गेला. वाढताना म्हातारी रागावती, "आजून एक घे, लाजतो कशाला, शिपाई हायस का पाव्हना?" समर्थानं तिसऱ्यांदा न्हाई म्हनल्यावर त्याला फासा टाकायला लावला, न्हाई म्हनायची ताकद हाय का बघाय. हरला गडी. खाल्लं त्यानं. हर्षल हसला, तेच हसू.

संध्याकाळी दुधाची येळ झाली तरी किल्ल्याचा दरवाजा उघडलाच न्हाई. चौघांनी ठरवलं, राजाला राहू द्या आत, आधी म्हातारीचे ल्योक-सून शोधायचे.

मोनिका जाता जाता म्हनली, "मास्तर, हे सगळ्यात भारी झालं. किती दिवस तयारी केलीस या आजीची?"

 हर्षल म्हनला, "काहीच नव्हती केली."

"मग पुढच्या रविवारी पण करू नकोस," ती म्हनली. "बघ स्वतःकडे जरा. कॅमेऱ्यात भुतासारखा दिसतोस."

कॉम्प्युटर बंद करून तो तसाच बसला. मला वाटलं, किल्ला वाया गेला म्हनून निरोप टाकतो. मोबाईल घेतला, उघडला, लिहून ठिवलेला निरोप वाचला. मंग म्हनला, "दादा, तीन आठवडे गेले की रं त्या किल्ल्यात."

"जाऊ दे की," मी म्हनलो. "खर्ड्याचा किल्ला पडून राहिला तरी किल्लाच आसतो."

त्यानं निरोप पुसला, का नुसता मोबाईल ठिवला, ते मी बघितलं न्हाई. पन पडला तो पलंगावर माझ्या जागी, आन दुधाला निघायला घातलेली चप्पल पायात तशीच ठिवून झोपला. आईनं चादर टाकली.

त्या दिशी केंद्रावर मी बसलो. पुंजाराम तात्यांनी कॅन ठिवला आन इचारलं, "हर्षल कुठाय?"

"झोपलाय," मी म्हनलो. "दमलाय. दुपारी चौघांना पोटभर जेवू घातलंय त्यानं."