आंबागडचा म्हातारा

आमच्या साडभाऊंइतका सिनेमावाला माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात झाला नाही. त्यांचा सिनेमा तेवढा कधी झाला नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. सत्तरच्या दशकात आम्ही दोघे जवाहरनगरच्या कारखान्यात कारकून होतो आणि भंडाऱ्याहून रोज कारखान्याच्या बसने जायचो. एखाद्या मासिकात पटकथा स्पर्धेची जाहिरात आली, की साडभाऊंच्या अंगात यायचं. जेवता जेवता ते मोठ्याने ‘कट!’ म्हणत, आणि ताई बिचाऱ्या पोळी हातात धरून तशाच उभ्या राहत. पोटच्या पोरीच्या पाठवणीत तर त्यांनी तिला दारातून परत बोलावून पुन्हा निघायला लावलं होतं, कारण पहिल्या वेळी रडताना तिचा चेहरा उजेडात नव्हता.

प्रत्येक पटकथा आधी बसमध्ये ऐकवली जायची आणि तिथेच तिचा घात व्हायचा. एकदा खलनायक तुमसरचा गिरणीवाला होता. मागच्या बाकावरच्या एकाचे मामा तिकडे गिरणीवाले निघाले, मग खलनायक सुधारला. नायिकेला आंधळी करायचं म्हटलं, तर ड्रायव्हरला ते बघवेना. कारखान्याचं गेट येईपर्यंत गोष्टीतले सगळे सुखी होत आणि मुंबईला गेलेलं पाकीट तसंच परत येई. त्या दिवशी साडभाऊ जेवत नसत. एकदा कुणा परीक्षकाने समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘यात कुणाचंच काही जात नाही.’ ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

पुढच्या वर्षी गोष्ट होती आंबागडच्या किल्ल्याखाली म्हशी चारणाऱ्या म्हाताऱ्याची आणि त्याच्या पोरक्या नातीची. अख्खी बस त्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडली. “खोकला कसा आहे जी म्हाताऱ्याचा?” असं विचारल्याशिवाय ड्रायव्हर गाडी सुरू करत नसे. एक दिवस साडभाऊंनी जाहीर केलं, “यंदा म्हातारा मारतो. मारल्याबिगर बक्षीस भेटत नाही.”

ड्रायव्हरने बस रस्त्याच्या कडेला घेऊन बंदच केली. “म्हातारा मरत असन त गाडी इथूनच वापस! काहून मारता जी त्याले? काय बिघडवलं त्यानं तुमचं?”

“नातीचं कोण पायते मंग?” मागून कुणीतरी ओरडलं.

साडभाऊ त्या दिवशी प्रथमच बधले नाहीत. आम्हा सगळ्यांना गेटवर उशिराचा शेरा मिळाला आणि बस त्यांच्याशी बोलेनाशी झाली. नंतर एका सोमवारी ते दाढी वाढवून चढले, तेव्हा काय ते सगळ्यांना कळलं. म्हाताऱ्याला मारून त्यांनी घरात सुतक पाळलं होतं. ताईंनी केलेल्या पुरणपोळ्या शेजारी वाटाव्या लागल्या होत्या.

पाकीट गेलं आणि यथावकाश परत आलं. मी सांत्वनाला गेलो, तर साडभाऊ आरशासमोर बसून घोटून दाढी करत होते. “बरं झालं भाऊ, वापस आलं,” ते फेस पुसत म्हणाले. “सिनेमा निघाला असता त मेलाच असता न म्हातारा!” त्यांचे डोळे मात्र ओले होते. बक्षिसाची आस काही अशी एका दिवसात सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये दांडी धरून ते उभे राहिले आणि म्हणाले, “मंग नातीनं हाक मारली, आन् म्हाताऱ्यानं डोळे उघडले.” ड्रायव्हरने गेटपर्यंत हॉर्न वाजवत गाडी नेली. साडभाऊंनी त्यानंतर कुठल्याच स्पर्धेला काही पाठवलं नाही. गोष्टी मात्र बसमध्ये सांगत राहिले.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. आंबागडावरून जाताना उतारावर म्हशी दिसल्या, की मी अजून गाडी थांबवतो आणि त्यांच्या मागे कुणी खोकतंय का, ते ऐकत उभा राहतो.