मांजराची झोप

नांदुऱ्याच्या रस्त्यावर त्याचं सायलेन्सर दुरुस्तीचं दुकान होतं. नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या जुन्या गाडीचा सायलेन्सर फुटला होता आणि आजारी बाबांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं. त्यांना मोठा आवाज सोसत नव्हता, आणि नवा सायलेन्सर मला झेपत नव्हता.

"नवा कायले? आतल्या नळ्या चांगल्या हायेत," तो म्हणाला. त्याने सडलेला पत्रा कापला, उशी भरावी तसा आत काचेचा कापूस भरला आणि नवा पत्रा जोडला. मग इंजिन सुरू करून बाकावर झोपलेल्या मांजराकडे पाहिलं. मांजराने एक डोळा उघडला. त्याने लगेच इंजिन बंद केलं आणि सायलेन्सरचा डबा पुन्हा कापायला घेतला. मांजरापायी एवढा वेळ! मी वैतागलो.

"आवाज माराचा नसते भाऊ, निजवाचा असते."

दुपार कलली. जिनिंग कारखान्याकडून आलेले कापसाचे तंतू उन्हात तरंगत होते. त्याने पुन्हा इंजिन सुरू केलं. या वेळी मांजर हललंच नाही.

संध्याकाळी बाबांना घेऊन त्याच्या दुकानासमोरूनच परतलो. मागच्या सीटवर त्यांचा डोळा लागला होता. दुकानात तो पाठमोरा बसून मांजराला कुरवाळत होता. मी हात केला, पण त्याने वळून पाहिलं नाही. आमची गाडी त्याला ऐकूच आली नव्हती.