महेशची एज केस

महेश मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. गंगापूर रोडवरच्या आमच्या वीस माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत तो टीम लीड, मी टेस्टर. त्याचे वडील सिन्नरच्या कारखान्यात फिटर होते. बिघडलेल्या मशीनला ते सरळ 'बिघडलं' म्हणत असणार. पोराने तेवढं घेतलं नाही. अ‍ॅप बंद पडलं की 'डाउनटाइम', अर्धवट राहिलं की 'फेज टू', आणि चूक दाखवली की 'एज केस', म्हणजे लाखात एखाद्याच्याच वाट्याला येणारी भानगड. असा शब्द फेकला की समोरचा गप्प बसतो, हे त्याला पक्कं ठाऊक.

गेल्या वर्षी एका खासगी फूलबाजारासाठी आम्ही अ‍ॅप केलं. शेतकऱ्याने घरूनच लिलावाचा नंबर लावायचा, नंबर असेल त्याचीच गाडी आत. तपासताना मला दिसलं, एकाच फोनवरून दुसऱ्यासाठी नंबर लावला की पहिला पुसला जातो. मी चूक नोंदवली. महेशने 'एज केस' लिहून ती नोंद बंद केली.

"सर, आमच्याकडे एका फोनवरून चार घरं नंबर लावतील."

"दीपमाला, एक युजर, एक फोन. रिक्वायरमेंट वाच."

"लिहिणाऱ्याने मळा पाहिलाय का?"

"तू टेस्टर आहेस, शेतकऱ्यांची पुढारी नाहीस."

तीनदा मी ती नोंद पुन्हा उघडली, तीनदा त्याने बंद केली. माझ्या साइन-ऑफशिवाय अ‍ॅप बाहेर जात नव्हतं. शेवटी सगळ्यांसमोर म्हणाला, "साइन-ऑफ दे, नाहीतर उशीर का झाला ते क्लायंटला तूच सांग." मी चडफडत 'तपासलं, ठीक आहे' वर टिचकी मारली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या अकरा गाड्या गेटवरून परत फिरल्या. दुपारी मीटिंग झाली. महेशने स्क्रीनवर माझं नाव मोठं करून दाखवलं. "टेस्टिंगचा साइन-ऑफ होता," एवढंच म्हणाला. मेल्याची जीभ अडखळलीसुद्धा नाही.

संध्याकाळी मखमलाबादला घरी आले, तर ओट्यावर झेंडूचे तीस क्रेट तसेच भरलेले. दसरा उलटला की झेंडूला कुत्रं विचारत नाही. बाबा दरवर्षी दुसऱ्या बाजारात जात; त्या वर्षी मला न सांगता आमच्या अ‍ॅपवाल्या बाजारात गेले होते. शेजारच्या योगेशच्या फोनवरून त्यांनी नंबर लावला, मागून योगेशने स्वतःचा लावला.

"इकडं कशाला गेलात बाबा?" मी ओरडलेच.

"तुझं अ‍ॅप हाय म्हणून गेलो," बाबा म्हणाले. "गेटवाल्याला लय सांगितलं, नंबर जायचा नाय, माझ्या पोरीनं तपासलंय. तो हसला." मग माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तपासलं व्हतं ना गं तू?"