डॉक्टरांसमोर सावधान

जोतीराम वॉर्डर विट्याकडचा. पंधरा वर्षं पलटणीत काढून तुरुंगात नोकरीला लागलेला. इतका सरळ की आम्ही कारकून मंडळी त्याला फुटपट्टी म्हणायचो.

पंचाहत्तर साली आमच्या तुरुंगात म्हसवडचा सयाजी होता. गुन्हा काहीच नाही. एकाहत्तरच्या लढाईवरून आला तो डोकं बिघडूनच. इस्पितळात जागा नव्हती, म्हणून कोर्टानं त्याला 'तात्पुरता' आमच्याकडे ठेवला. त्याला तीन वर्षं झाली. दिवसभर भिंतीशी बोलायचा, मध्येच तिच्यावर डोकं आपटायचा. त्याच्या उपचारांचा खर्च तुरुंगखात्यानं करायचा की आरोग्यखात्यानं, यावर कागद नुसते हिंडत होते. ते कागद मीच लिहायचो, आणि खरं सांगतो, मलाही काही उमगत नव्हतं.

मग अचानक मंजुरी आली. सयाजीला सरकारी खर्चानं इस्पितळात न्यायचं. फक्त मोठ्या डॉक्टरांनी तपासून 'उपचारांची गरज आहे' असं लिहून द्यायचं. त्याची बायको राहीबाई हे ऐकून फाटकाशीच रडली.

जोतीरामला वाटलं, इन्स्पेक्शन आहे, आपला गडी नीट दिसला पाहिजे. आठ दिवस त्यानं सयाजीची दाढी केली, कवायत घेतली. 'सावधान' म्हटलं की सयाजी ताठ व्हायचा, बडबड बंद.

डॉक्टर आले. सयाजीनं कडक सलाम ठोकला. नाव, गाव, पलटण, सगळं धडाधड सांगितलं. डॉक्टरांनी लिहिलं, 'शांत. उपचारांची गरज नाही.'

"मग घरी सोडा की," राहीबाई म्हणाली.

"बरा झाला असं कुठं लिहिलंय?" आमचे जेलर साहेब म्हणाले.

मी कागद दोनदा वाचला. खरंच लिहिलं नव्हतं. बरा नाही, आणि उपचारही नकोत! माझं डोकंच फिरलं.

"म्या काय वंगाळ केलं, भाऊसाहेब?" जोतीराम रोज विचारायचा.

मी पुन्हा अर्ज केला. दोन महिन्यांनी डॉक्टर पुन्हा यायचे ठरले. त्या सकाळी जोतीराम सयाजीपुढं हात जोडून बसला.

"गड्या, आज उभा ऱ्हाऊ नगंस. काय बोलायचं त्ये भिताडाशी बोल. लय बोल."

सयाजी बोलतच होता. तेवढ्यात दारात डॉक्टरांचे बूट वाजले. सयाजी उठला, टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला.

डॉक्टर गेल्यावर जोतीराम फाटकाशी आला. बाहेर राहीबाई नवऱ्याच्या कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती.

"आवं जमादार," ती म्हणाली, "आज निघायचं न्हवं?"