दोन्ही वाट्यांखाली बर्फी

माझ्या धाकट्या भावाचं रक्त लहानपणापासून लवकर गोठत नसे. मुका मार लागला की ते आतच साचायचं. मांडीत असंच साचलेलं जुनं रक्त वर्षानुवर्षं वाढत गेलं, त्याभोवती जाड कवच धरलं आणि ते हाड पोखरू लागलं. गावातल्या डॉक्टराने गळू समजून त्यात सुई खुपसली, तेव्हापासून ती जागा झिरपतच राहिली. त्या माणसाचा मला आजही राग येतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माहेर खाडीकाठच्या गावात, आणि मी लग्न होऊन नेरूळच्या नव्या वसाहतीत. भावाला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा मला सातवा महिना होता. सर्जनने आईला आणि मला स्पष्ट सांगितलं, एकतर कवचासकट सगळं काढायचं, नाहीतर पाय कापायचा. दोन्हीला रक्त गोठवणारं औषध लागणार, ते लोकांच्या रक्तातून काढतात आणि पुरेसं मिळेलच असं नाही. मग त्यांची नजर माझ्या पोटावर गेली.

"हा आजार मुलग्यांना होतो, पण येतो आईकडून. तुमच्यातही असू शकेल. तपासायची सोय आमच्याकडे नाही."

परतीच्या बसमध्ये आई सारखी माझ्या पोटाकडे बघत होती.

पुढच्याच आठवड्यात शेजारणींनी माझं डोहाळजेवण ठरवलं होतं. मला नको होतं, पण आई म्हणाली, होऊ दे. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं झालं. शेवटी दोन वाट्या उपड्या ठेवल्या. एकीखाली पेढा, म्हणजे मुलगा. दुसरीखाली बर्फी, म्हणजे मुलगी. वाट्या आईनेच मांडल्या, कोणाला हात लावू दिला नाही. मी एक उचलली, बर्फी निघाली. हसत हसत शेजारणीने दुसरी उचलली. तिच्याखालीही बर्फीच.

"काय आजी, घोटाळा केलात की."

"पोरगीच होवं दे तिला," आई म्हणाली. "दुसरा काय पन नको."

ओटी भरलेल्या बाईसमोर असं कोणी मागत नाही. पण मीही मनात तेच मागत होते.

नवऱ्याच्या पावणे गावातल्या कारखान्यातले लोक रांगेने रक्त देऊन आले. ऑपरेशन झालं. गाठ अख्खी निघाली, आणि आम्ही वेड्यासारखे आनंदलो. पण गाठीच्या जागी पडलेली पोकळी पुन्हा रक्ताने भरली, मग त्यात पू झाला. औषध मिळालं की रक्त थांबे, संपलं की सुरू. शेवटी पाय खुब्यापासून काढला. त्यानंतर मी भेटायला गेले, तर पठ्ठ्या माझी चेष्टा करायला लागला.

"ताई, भाचा झाला तर माझ्यावर जाऊ देऊ नकोस. तुझ्या नवऱ्यावर गेला तरी चालेल, काळा का असेना."

मी हसले. त्याच आठवड्यात तो गेला. मी भरल्या दिवसांची, म्हणून मला स्मशानात तर नाहीच, माहेरीही जाऊ दिलं नाही. कोणत्या देवाचं आम्ही काय बिघडवलं होतं, मला अजून कळलेलं नाही.

मला मुलगा झाला. नर्सने बाळ पुढे केलं, पण आईने हात पुढे केले नाहीत. दुपारी कधीतरी घेतलं आणि त्याला नुसती चाचपत बसली, मांड्या, कोपर, घोटे. काही नव्हतं. महिने गेले, तरी काही नव्हतं. मी हळूहळू निर्धास्त झाले, लोकांसमोर त्याचं कौतुकही करू लागले.

मग तो रांगायला लागला. एका सकाळी त्याला आंघोळ घालताना आईचा हात थांबला. तिने त्याला पुसलं, दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं आणि आत गेली. मी दुपटं बाजूला केलं. दोन्ही गुडघे निळे पडले होते. आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. आई घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या काढून जमिनीवर अंथरत होती.