जळिताचं कारण

टेपभाऊंनी साखर कारखान्याच्या नोकरीत सव्वीस वर्षं एकच काम केलं, दुसऱ्यांचा ऊस मोजला. खांद्यावर पन्नास मीटरची टेप, बगलेत नोंदवही, आणि बांधाबांधानं चालत लिहून घ्यायचं: कुणाचं क्षेत्र किती, लागण कुठल्या तारखेची, तोड कधी यायला हवी. खरं नाव पगारपत्रकात होतं, तेवढंच. बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "अहो टेपभाऊ, कधीतरी माझीही बाजू मोजा की."

त्यांचा स्वतःचा दीड एकर होता. त्याला लागून पूर्वेला थोरल्या वहिनींचा एक एकर. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून वहिनी एकट्या शेत बघत होत्या. त्यांच्या पलीकडे शिंप्याचा पाऊण एकर, मग गवंड्याचा, मग शाळेतल्या शिपायाचा. असे चौदा-पंधरा तुकडे एकमेकांना खेटून. कारखान्यात त्या सगळ्या भागाला 'ठिगळं' म्हणत. नकाशावर ते तसंच दिसायचं, त्यामुळे टेपभाऊंना पहिल्यांदा हसू आलं होतं. मग आपलं ठिगळ त्यात कुठलं ते सापडलं आणि हसू गेलं.

यादी नियमानं लागायची. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. यादी टेपभाऊ स्वतः करायचे आणि ती चोख असायची. पण यादी ऑफिसच्या भिंतीवर राहायची आणि तोडणीची टोळी मुकादमाच्या मागून जायची. मुकादम काही वाईट माणूस नव्हता. त्यानं एकदा चहा पिता पिता सरळच सांगितलं होतं.

"साहेब, ऐंशी एकरवाल्याकडे मी महिनाभर एका जागी बसतो. तुमच्या ठिगळात दीड दिवस काम, की बिऱ्हाड उचला, ट्रॅक्टर फिरवा, ट्रॉलीला वाट शोधा. माझ्या माणसांना टनावर पैसे मिळतात, चालण्यावर नाही. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

हिशेब मुकादमाचा बरोबर होता. पण ठिगळातल्या माणसानंही ऐंशी एकरवाल्याइतकंच पाणी दिलेलं असायचं, त्याच दरानं खत टाकलेलं असायचं, आणि शेवटी दोन महिने वाट बघत त्याचा ऊस उभ्या उभ्या वाळायचा. तुरा यायचा, कांडी पोकळ व्हायची. जो ऊस वेळेवर पन्नास टन भरला असता, तो काट्यावर चाळीस भरायचा. बाकीचे दहा टन उन्हानं खाल्लेले. त्याची नोंद कुठल्याच वहीत नसायची.

त्या वर्षी ऊस फार झाला होता. उन्हाळा लवकर लागला. कारखाना बंद व्हायची तारीख जाहीर झाली, तेव्हा ठिगळांतल्या एकाही तुकड्याला कोयता लागलेला नव्हता. शेतातून चाललं की वाळक्या पाल्याचं पाचट पायाखाली कडाकडा मोडायचं. माणसं बांधावर विडी ओढेनाशी झाली. एकमेकांना सांगत काही नव्हती, पण बायका स्वयंपाक उरकला की चुलीवर पाणी ओतायच्या आणि पुन्हा एकदा बघून यायच्या.

पहिल्यांदा गवंड्याचा ऊस पेटला.

जळीत झालं की पंचनामा टेपभाऊंचा. छापील कागदावर कारणापुढे दोनच चौकटी होत्या: 'अपघाती' आणि 'हेतुपुरस्सर'. अपघाती असलं तर उसाच्या पैशात थोडी कपात. हेतुपुरस्सर असलं तर चौथा हिस्सा गेला. गवंड्याच्या शेताच्या कोपऱ्यात रॉकेलचा वास येत होता आणि गवंडी शेजारी मान खाली घालून उभा होता. हाताला चुन्यानं पडलेल्या भेगा तो एकेक करून बघत होता. टेपभाऊंनी त्याच्याकडे न बघता 'अपघाती'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'विजेच्या तारेची ठिणगी'.

गवंड्याच्या शेतावरून तार जातच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी हजर. जळका ऊस ठेवला तर आंबतो, म्हणून कारखान्याला तो आधी घ्यावा लागतो. तोडणाऱ्यांनाही बरं, पाला सोलायला नको. दोन दिवसांत गवंड्याचं रान मोकळं झालं. ज्याचा ऊस यादीत एकतिसावा होता, तो सगळ्यांच्या आधी सुटला. त्या आठवड्यात लोक त्याच्या मोकळ्या रानाकडे बघत बघत जायचे, आणि टेपभाऊ समोर आले की गप्प व्हायचे.

पुढच्या पंधरा दिवसांत सहा तुकडे पेटले. सहाही ठिकाणी तारेची ठिणगी. टेपभाऊंना आता कुणी काही विचारतही नव्हतं, शिपायानं तर हसत हसत स्वतःच सांगितलं, "तारच असणार हो, दुसरं काय?" शेतकी अधिकाऱ्यांनी सातही कागद एकदम पाहिले आणि म्हणाले, "काय हो, वीजवाल्यांवर दावा लावायचा का आता?" मग सह्या केल्या. त्यांनाही वर दाखवायला कारण लागत होतं.

घरी बायको म्हणाली, "सगळ्यांच्या उसाला ठिणगी लागते. आपल्याच उसाला तेवढी अक्कल लागलीय."

"गप्प बस."

"मी बसते गप्प. पण ते तुम्हीच सुरू केलंत." ती ताट घासत होती. "गवंड्याची दया आली, मला कळतं. मलाही आली असती. पण आता ती दया गावभर फिरतेय, काडी घेऊन."

टेपभाऊंना ते कळत होतंच. रोज दुपारी वारा उठला की ते ऑफिसच्या खिडकीशी येऊन ठिगळांच्या दिशेला बघायचे. धूर दिसला नाही की परत खुर्चीवर बसायचे, आणि पाच मिनिटांनी पुन्हा उठायचे.

एका दुपारी वहिनी घरी आल्या. ओसरीच्या कडेला टेकल्या. बायकोनं पाणी दिलं, ते त्यांनी नुसतं हातात धरलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या दप्तरात ठिणगी शिल्लक आहे का अजून?"

टेपभाऊंना हसावं की काय कळेना. वहिनी हसत नव्हत्या.

"वहिनी, तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं."

"माझ्याकडून काय अपेक्षित होतं? लागण मी तुमच्या भावाच्या तारखेला करते, एक दिवस चुकवत नाही. यादीत नंबर नववा. आज बासष्ट दिवस वर झाले. काल एक कांडी मोडून बघितली, आत कापूस. मी आणखी किती दिवस चांगली राहू, तेवढं सांगा."

"आठ दिवस द्या मला. मुकादमाला हाताला धरून आणतो. पण काडी लावू नका. आता नुसतं तुमचं रान राहिलेलं नाही, पाचट कसं झालंय बघताय ना? वारा फिरला तर कुणाच्या हातात राहायचं नाही."

वहिनी पाणी प्यायल्या, भांडं उपडं ठेवून गेल्या.

टेपभाऊ रोज मुकादमाकडे गेले. तो रोज म्हणायचा, ऐंशी एकरवाल्याचा शेवटचा पट्टा राहिलाय, उद्या येतो. सहाव्या दिवशी भर दुपारी ऑफिसच्या खिडकीतून धूर दिसला. आधीच्या जळितांचा धूर सरळ वर जायचा. हा जमिनीला धरून पळत होता.

ते पोचले तेव्हा वहिनींचं रान संपलं होतं आणि आग शिंप्याचं खाऊन, गवंड्याच्या मोकळ्या रानावरून उडून पुढे गेली होती. आवाज एवढा होता की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. लोक पाला ओढत होते, ओली पोती आपटत होते, आणि मागे सरत होते. मग कुणीतरी ओरडलं, पाणीवाला आत आहे! पाच-सहा जणांच्या शेतांना मजुरीनं पाणी फिरवणारा तो म्हातारा दुपारचा डबा खायला पाटाच्या सावलीत बसायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गवंडी डोक्यावर ओलं पोतं घेऊन पाटातून रांगत गेला आणि त्याला ओढत घेऊन आला. म्हातारा जगला. पावलं मात्र अशी भाजली, की पुढे त्याला काठीशिवाय दोन पावलं टाकता आली नाहीत.

सहा तुकडे एका दुपारी गेले. वारा पश्चिमेचा होता, म्हणून टेपभाऊंचा दीड एकर तसाच उभा राहिला, हिरव्या शेंड्यांसकट. लोकांनी तेही पाहिलं.

वहिनी विहिरीच्या कठड्याशी बसल्या होत्या. हातात काड्यापेटी होती. ती टाकून द्यायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"मी एका कोपऱ्यालाच लावली होती, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आपलंच आहे, आपल्यापुरतं जळेल."

एवढ्या जळक्या उसाला टोळ्या कुठून येणार? दोनच आल्या. तीन तुकडे तुटले, चौथ्या दिवशी उरलेल्या तीन तुकड्यांतून आंबूस वास सुटला आणि कारखान्यानं ते घ्यायला नकार दिला. त्यांत वहिनींचा एक होता.

टेपभाऊंनी पंचनाम्याचा कागद दोन दिवस समोर ठेवला. अपघाती लिहावं, तर पुढच्या वर्षी सगळं गाव पेटेल. हेतुपुरस्सर लिहावं, तर सात जण सुटलेले आणि वहिनी तेवढ्या गुन्हेगार. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही चौकटींवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'तोडणीस अडुसष्ट दिवस उशीर'. मग आधीचे सातही कागद काढले. प्रत्येकावरची ठिणगी खोडली, यादीप्रमाणे तोडीची तारीख लिहिली, पेटल्याची तारीख लिहिली, आणि मधले दिवस मोजून मांडले. खाली सही केली: 'आधीचं कारण मी खोटं लिहिलं होतं.'

शेतकी अधिकाऱ्यांनी कागद वाचला, दार लावून घेतलं.

"हे कारण होतं का कुठे? उशिरानं आग लागते?"

"साहेब, या वर्षी तरी दुसऱ्या कशानं लागलेली नाही."

"तुम्ही कारखान्यालाच आरोपी करताय. आणि स्वतःच्या सहीनं खोटेपणा कबूल करताय. फाडू का मी हे?"

"फाडा. मी परत लिहीन. तारखा मला पाठ आहेत."

अधिकाऱ्यांनी फाडला नाही. वर पाठवला. वरून दोन महिन्यांनी जे आलं त्यात उशिराचा शब्दसुद्धा नव्हता. खोट्या नोंदीबद्दल टेपभाऊंना घरी बसवलं, आणि तेरा जणांचीही जळितं हेतुपुरस्सर धरून, ज्यांचा ऊस काट्यावर गेला होता त्यांचा चौथा हिस्सा कापला. गावानं कागदातलं तेवढंच लक्षात ठेवलं. शिंपी त्यांचं कापड घेईना. शिपाई समोरून येताना रस्ता बदलू लागला. वहिनी मधल्या भिंतीपलीकडे राहायच्या, पण पावसाळाभर त्यांचा आवाज आला नाही. एकटा गवंडी तेवढा यायचा, बसायचा आणि जायचा.

मग ऐंशी एकरवाला आला. गोड बोलणारा माणूस. घरोघरी गेला, प्रत्येकाकडे बसला. "तुकडा एकेकट्याला परवडत नाही," म्हणाला. "बांध मोडतो, एकच पट्टा करतो. तुम्ही खंड घ्या, निवांत राहा." त्यात खोटं काही नव्हतं. कपात झालेल्या लोकांकडे पुढच्या लागणीचं बळही नव्हतं. एकेक करत ठिगळं, जुन्या बुडख्यांवर पुन्हा वाढलेल्या उसासकट, त्याच्याकडे गेली. वहिनींनीही बाकीच्यांच्या अंगठ्यांशेजारी सही केली. टेपभाऊंनी मात्र दिलं नाही. "का?" असं बायकोनं विचारलं, तर म्हणाले, "माहीत नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचं मोजलं. हे एवढं राहू दे."

पुढचा हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी टोळी त्या पट्ट्यात शिरली. तोच मुकादम, तीच माणसं, तीच जमीन. ट्रॉल्या वळायला रुंद वाट केलेली. सहा दिवसांत सगळं रान सपाट. वहिनी आपल्या एकेकाळच्या बांधाच्या जागी उभ्या राहून बघत होत्या. टेपभाऊ आपल्या बाजूला उभे होते. पंधरा पावलांचं अंतर असेल.

"पहिल्या दिवशी आली हो," वहिनी म्हणाल्या. जळितानंतर त्या पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलत होत्या. "ऊस तोच होता ना, भाऊजी? मीच लावलेला होता."

"तोच होता, वहिनी."

आता तेवढ्या मोठ्या मोकळ्या रानात एकटा दीड एकर ऊस उभा होता. टोळी दुसरीकडे गेली होती. चहूबाजूंनी गुडघाभर पाचट पडलं होतं आणि ते दोन उन्हांत वाळून पिवळं झालं होतं. दुपारी ऐंशी एकरवाल्याचा कारभारी मोटारसायकलवरून आला. गाडी बंद न करताच त्यानं सांगितलं, "टेपभाऊ, उद्या पाचट पेटवणार आहोत. रान लवकर मोकळं करायचंय. तुमचं तुम्ही सांभाळा."

"जरा चार दिवस थांबता का? मी टोळीचं बघतो."

"मालकांनी उद्या सांगितलंय." तो जरा घुटमळला. "वाराही बघूनच लावू म्हणा." आणि गेला.

टेपभाऊंनी घरून दाताळं आणलं आणि उसाच्या कडेनं पाचट मागे ओढायला लागले. दीड एकराला चारी बाजूंनी वाट काढायची म्हणजे किती चालायचं, ते त्यांना मोजल्याशिवाय माहीत होतं. बायको खुरपं घेऊन उत्तरेच्या कडेला बसली. थोड्या वेळानं पूर्वेच्या बाजूनं ओढण्याचा आवाज आला, म्हणून त्यांनी मान वर केली. पदर खोचून वहिनी पाचट ओढत होत्या. त्यांच्याकडे बघत नव्हत्या, नुसत्या भराभर ओढत होत्या, आणि वारा पूर्वेकडून यायला लागला होता.