भिंतीला लावायची अक्षरं

खरं तर हे सांगायचं नव्हतं. "दुकानातलं दुकानातच," असं बाबांनी बजावलंय. पण शाळा सुटल्यावर मी रोज तिथंच बसते, कुणाशी फारसं बोलत नाही, त्यामुळे किस्से आत साचतच जातात.

बाबा पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि ब्रश वाळून गेले. मग त्यांचे दोस्त सलीमचाचा यांच्या फ्लेक्स छापायच्या मशीनवर त्यांनी वॉलपेपर सुरू केला. पोरं भिंतींवर स्प्रेनं काढतात तशी फुगीर, एकमेकांत घुसलेली मराठी अक्षरं. हे नाही चाललं तर सूतगिरणीत वॉचमन, असं घरात ठरलं होतं.

पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, "काय लिहिलंय हे?"

"पढने का नै भाई, देखने का है!" चाचा म्हणाले.

"बघायचंच असंल तर फुलं दाखवा की!"

बाबांनी फुलांचा कॅटलॉग काढला.

*

एका कॅफेवाल्यानं मात्र अक्षरांखाली रंगाचे ओघळ मागितले. बाबा आठ दिवस एकेक ओघळ हातानं काढत होते. कागद लागला आणि चौथ्या दिवशी फोन आला, "अहो, वॉलपेपर फाटलाय!"

झाडणाऱ्या मावशींनी ओघळ घासणीनं घासले होते. "लई घाण केलती कुणीतरी," त्या बाबांनाच सांगू लागल्या. "निघता निघंना!"

*

एका घरी बेडरूमच्या उत्तरेच्या भिंतीला कागद लावला. आजोबा म्हणाले, "अक्षरांकडं पाय करून झोपायचं?"

बेड फिरवला.

"आता उत्तरेला डोकं?"

बेड परत फिरवला. शेवटी कागदच काढला. त्या रात्री सगळ्यांना छान झोप लागली म्हणे!

*

सोमवारपासून बाबा सूतगिरणीत जाणार. चाचांनी मशीन पुन्हा फ्लेक्सला लावलं. "दिल छोटा नक्को करो," म्हणत उरलेले रोल त्यांनी स्वतः रिक्षात ठेवले.

काल बाबांनी ते रोल आमच्याच ओल आलेल्या भिंतीला लावायला घेतले. अक्षरं भिंतीकडं, कोरी बाजू बाहेर.

"अहो, उलटं लावताय की!" आई म्हणाली.

"बरोबर लावतोय."

खळ ओली होती, म्हणून अक्षरं कागदातून दिसत होती. बाबा मागं सरून बघत राहिले. मग म्हणाले, "वाळलं की जातील."

आज दुसरी भिंत आहे. एक रोल मी माझ्या अंथरुणात गुंडाळून ठेवलाय, कारण त्यावरचं पहिलं अक्षर बाबांनी माझ्या नावाचं—

"वैशू! एक रोल कमी कसा गं?"